टायर बघायला

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर काढलीय
उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या बोळात,
वरून जुनं पायपुसणं टाकलंय,
पहाटे दूधवाला अडखळायला नको.
गाडी एक्केचाळीस टक्के.
सहापर्यंत शंभर होईल,
लाईट गेली नाही तर.

फाउंड्रीच्या चलनाच्या पाठीवर
मी उद्याचा रस्ता मांडतेय.
रत्नागिरीच्या मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय.
आई म्हणते, पट्टी सुटायच्या आत मला पोचव,
डोळा उघडल्या उघडल्या तिला मी दिसले पाहिजे,
सून नको.

मलकापूर. पाऊण टक्का किलोमीटरला म्हटलं
तरी पासष्टच्या वर उरतं,
गाडीला इथं थांबायची गरज नाही.
आईच्या गुडघ्यांना आहे.
गोळी साडेसातला, खाणं आठला,
दशमी आणि दह्यातली चटणी घरनंच,
बाहेरचं ती चहासुद्धा फुंकून संशयानं पिते.

परतीचं गणित मात्र अवघड.
घाट चढताना गाडी नुसती खात सुटते,
मलकापुरात येईस्तोवर वीसवर आलेली असणार.
मुजावरांच्या हॉटेलामागं एक मशीन आहे म्हणतात.
मघाशी फोन केला.
"हाय की ताई. पर एकच हाय,
आणि वडापवाले नेमके तिच्याम्होरं गाड्या लावत्यात.
तुम्ही या तर खरं, हलवू की."
लिहिलं : पन्नास मिनिटं, जेवण.
आणि कंसात : भांडण झालं तर सत्तर.

शाल्मलीला वळणं लागतात.
तिच्यासाठी आवळासुपारी, दोन पिशव्या, पुढची सीट.
आंबा : काही नाही. सरळ खाली.
उतारावर ब्रेक दाबला की गाडी स्वतःच थोडं कमावते,
साखरप्याला पोचेपर्यंत दोन टक्के वाढलेले असतील.
हे मी नानांना तिसऱ्यांदा सांगितलं.

नाना भिंग घेऊन कागद वाचत होते.
एकतीस वर्षं त्यांनी हाच रस्ता एसटीनं तुडवला,
आता लायसन कपाटात, मोतीबिंदू डोळ्यांत.
"आमच्यात डेपोत डिझेल भरलं की मिटलं," म्हणाले,
"गाडी कधी रिकामी व्हायची नाही.
आम्हीच व्हायचो."

मी हसले. ते नाही हसले.
बोट आंब्यावर ठेवलं.

"हितं एकदा मी गाडी थांबवली होती.
रातराणी. दत्त जयंतीच्या मागंपुढं, धुकं असलं की
बॉनेट दिसंना.
पॅसेंजरला म्हटलं, टायर बघतो.
खाली उतरलो, चारी बाजूंनी फिरलो,
लाथा मारून बघितल्या.
कंडक्टर दिनकर बॅटरी धरून माझ्या मागं मागं."

मग?

"टायरला काय झालं नव्हतं.
आधीच्या वळणावर माझा डोळा लागला होता.
इतकाच," म्हणाले,
आणि चिमटीत मीठ धरावं तशी
दोन बोटं जवळ आणली.
"बावन्न माणसं होती. लॉगशीटवर टायर लिहिलं.
दिनकरला कळलं असावं.
पुढं रत्नागिरीपर्यंत तो नुसता बोलत बसला,
त्याच्या म्हशीबद्दल."

आई आतून म्हणाली, हे मला कधी सांगितलं नाहीत.
नाना म्हणाले, तू विचारलं नाहीस.
भांडी जरा जोरात वाजली.

मी कागदाकडं बघितलं.
गाडीचं सगळं लिहिलेलं, आईचं, पोरीचं,
मावशीसाठी भडंग कुठल्या पिशवीत तेसुद्धा.
"आणि चालवणार कोण?" नानांनी विचारलं.
मी.
"मग तुझं कुठाय ह्यात?"

आंब्यापुढची फुली खोडली.
लिहिलं, पंधरा मिनिटं.
"वीस कर."
वीस केलं.
कारण काय लिहू?

नानांनी भिंग पुसलं, घडीत ठेवलं.
"टायर," म्हणाले.

झोपायच्या आधी बाहेर जाऊन बघितलं.
अठ्ठेचाळीस टक्के, हिरवा दिवा उघडझाप करतोय.
गल्लीतलं लंगडं कुत्रं पायपुसण्यावर,
बरोब्बर वायरीच्या वर,
ऊब लागते बहुतेक,
गाढ झोपलंय.